मिस व्हर्नेलच्या राजकन्या

मिस व्हर्नेल गोष्ट वाचता वाचता मध्येच थांबायच्या. पुस्तकात बोट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोर गालिच्यावर बसलेल्या पोरींकडे बघत एकच प्रश्न: "कोण बघतंय?"

हा प्रश्न ठरलेल्या जागी यायचा. गोष्टीतली मुलगी दिसायला कशी होती हे सांगणारं वाक्य आलं, की आलाच. 'तिची कांती दुधासारखी होती' असं वाचलं, की लगेच बोट आत. "कोण बघतंय? दूध कुणाला आठवलं?" पोरी विचारात पडायच्या. कुणी म्हणायची राजपुत्राला, कुणी म्हणायची तिच्या आईला, एखादी आगाऊ म्हणायची, ज्यानं पुस्तक लिहिलं त्याला. "म्म्हं," मिस व्हर्नेल म्हणायच्या, "त्याला दूध आवडत असणार. मला तर पचत नाही." आणि पान उलटून पुढे.

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी त्यांचा हा मुलींचा वाचनवर्ग भरायचा. 'मिस' हे इथलं आदराचं, लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही लावतात. वर्ग हा शब्द त्यांना खपायचा नाही. जन्मभर तिसरीला शिकवून निवृत्त झालेली बाई, पण वर्ग म्हटलं की नाक मुरडायच्या. "इथे कुणाला मार्क नाहीत. इथे नुसत्या गप्पा." मुली आठ-दहा वर्षांच्या. बहुतेक काळ्या अमेरिकन घरांतल्या, दोन-तीन आमच्यासारख्या देशी घरांतल्या, त्यात माझी ईशा. मी तिथे गेले ती ड्रायव्हर म्हणून. या देशात आईपणाचा निम्मा भाग गाडी चालवण्यात जातो आणि उरलेला पार्किंग शोधण्यात. तेवढा वेळ गाडीत बसून काय करायचं, म्हणून मी आत जाऊन मागच्या खुर्चीवर टेकायला लागले, आणि एका शनिवारी मिस व्हर्नेलनी माझ्या हातात रंगीत पेन्सिलींचा डबा दिला. "बसलीच आहेस तर कामाला लाग, हनी." त्या दिवसापासून मी त्यांची मदतनीस झाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

आता त्या दिसायला कशा होत्या हे लिहायला घेतलं, तर मला त्यांचाच प्रश्न ऐकू येतो. तरी सांगते. उंच, ताठ, सत्तरी ओलांडलेल्या. केस दर पंधरवड्याला सलूनमध्ये जाऊन सरळ करून घेतलेले, इस्त्री केल्यासारखे. भिजले की ते पुन्हा कुरळे व्हायचे, म्हणून पावसाचा थेंब पडला की पर्समधून प्लॅस्टिकची घडीची टोपी निघायची आणि हनुवटीखाली तिची गाठ बसायची. "पोरींना सांगते, तुमचे केस जसे आहेत तसे छान आहेत," त्या एकदा गाठ मारता मारता म्हणाल्या, "आणि स्वतः पावसाला घाबरते. लोकांनी माझं ऐकावं, माझ्याकडे बघू नये." बोलून त्या मोठ्यानं हसल्या. मीही हसले. त्या हसण्यात त्यांना थोडं लागलंही होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आमची खरी गट्टी जमली ती कॉफीवरून. एका शनिवारी पोरी गेल्यावर त्या थर्मासमधली कॉफी मला ओतून देत होत्या. मी सहज म्हटलं, मला चहा-कॉफीची सवय उशिरा लागली, लहानपणी घरी चहा मिळायचाच नाही.

"का?"

"काळी होशील म्हणायचे."

मिस व्हर्नेलचा थर्मास हवेतच राहिला. "काय म्हणायचे?"

"चहा प्यायला की मूल काळं होतं."

त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांची आजी नेमकं हेच म्हणायची, कॉफीबद्दल. "मला वाटायचं हा वेडेपणा आमच्याच घरचा. तुम्ही तर पार समुद्रापलीकडचे!" मग मीही आमच्या शब्दांची पेटी उघडली. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, आणि मग आवाज खाली आणून, काळी. लग्नासाठी छापलेल्या माहितीत माझ्या नावापुढे 'निमगोरी' लिहिलं होतं आणि ते वाचून माझा सख्खा भाऊ खो खो हसला होता, हेही सांगितलं. 'निमगोरी' हा शब्द त्यांना भारी आवडला, दोन-तीनदा म्हणून बघितला. त्यांच्याकडेही असे पुष्कळ शब्द होते म्हणे. त्यांनी एकच सांगितला: मधाच्या रंगाची. "गोष्टींमध्ये ही फार असते," असं म्हणाल्या आणि कप धुवायला उठल्या.

एकदा त्यांनी पोरींना गोष्ट लिहायला सांगितली. नायिका तुमच्या वयाची हवी, एवढीच अट. जेडा नावाची एक मुलगी होती, नऊ वर्षांची, गडद काळी, बारीक वेण्यांच्या टोकांना रंगीत मणी. सगळ्यांत जास्त बोलणारी आणि ईशाची जिवाभावाची मैत्रीण. जेडानं समुद्री चाच्यांची गोष्ट लिहिली होती. नायिका जहाज पळवते, तोफ डागते, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हुबेहूब जेडाच. फक्त तिचे केस सोनेरी होते आणि वाऱ्यावर उडत होते. ईशाची नायिका अंतराळात गेली होती. तिचेही केस सोनेरी, डोळे निळे, नाव एमिली. घरी पोर पोहे खाते आणि अंतराळात जाते एमिली! एकामागून एक सगळ्या गोष्टी तशाच निघाल्या. गालिच्यावर बसलेली एकही मुलगी त्यातल्या एकाही गोष्टीत शिरू शकली नसती.

मला वाटलं, आता तो प्रश्न येणार. आला नाही. मिस व्हर्नेलनी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या आणि जेडाला एवढंच विचारलं, "त्या मुलीचे केस तुझ्यासारखे असते तर?"

"देन शी वुडन्ट बी द मेन गर्ल," जेडा म्हणाली. "शी वुड बी द फ्रेंड."

रागानं नाही, रडत नाही. पाऊस पडला की जमीन ओली होते, इतक्या सहज म्हणाली. मिस व्हर्नेलनी पोरींचे कागद गोळा केले आणि त्या दिवशी वर्ग लवकर सोडला. येताना गाडीत मी ईशाला विचारलं, एमिलीच का गं? खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ स्टोरी."

त्याच सुमाराला माझ्या सासूबाई नाशिकहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनीही प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवलेलं, आणि गोष्ट सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. हे कळल्यावर मिस व्हर्नेलनी फर्मान काढलं: "तिसरीची बाई? घेऊन ये." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण पोरींचा गलका वाढला की दोघींच्या टाळ्या एकदम वाजायच्या, आणि दोघीही मला एकाच सुरात कामं सांगायच्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही बाई आपल्यातलीच वाटते." मला फार बरं वाटलं. तो दिवस असा सुरू झाला होता.

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला आणि राजकन्येची गोष्ट सुरू केली. त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत. राक्षसानं राजकन्येला विहिरीच्या तळाशी कोंडलेलं, राजपुत्र तिला शोधत निघालेला. सासूबाई दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "आणि राजकन्या किती सुंदर? इतकी गोरी, इतकी नाजूक, की विडा खाल्ला तर पानाचा लाल रस गळ्यातून उतरताना बाहेरून दिसायचा!"

हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलेलं. मीही ते अगदी रंगवून सांगितलं. विडा म्हणजे काय, त्यानं तोंड कसं लाल होतं, सगळं समजावलं. गळ्यावरून बोट फिरवून रस कसा खाली उतरतो तेही दाखवलं.

"लाइक ग्लास?" जेडानं विचारलं.

"लाइक ग्लास," मी म्हटलं.

मिस व्हर्नेल मागच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं, त्यामुळे बोट ठेवायला जागा नव्हती. शिवाय पाहुणी बाई गोष्ट सांगत असताना मध्ये बोलायचं नाही, ही त्यांच्या वळणाची रीत. गोष्ट संपली, राक्षस मेला, टाळ्या झाल्या, आणि खाऊ म्हणून बिस्किटं आणि क्रॅनबेरीचा लालभडक ज्यूस वाटला गेला.

थोड्या वेळानं ईशा आणि जेडा कुठे दिसेनात. मी आणि मिस व्हर्नेल बघायला निघालो. बायकांच्या टॉयलेटचं दार उघडलं, तर दोघी बेसिनच्या आरशासमोर. जेडा मान मागे टाकून घोट घोट ज्यूस पीत होती आणि ईशा माझ्या फोनचा टॉर्च तिच्या गळ्यावर मारून टक लावून बघत होती.

"दिसतंय?" जेडानं विचारलं.

"नो. परत पी. मोठा घोट घे."

जेडानं मोठा घोट घेतला. ज्यूस हनुवटीवरून ओघळला. ईशा म्हणाली, "आय थिंक आपल्याला नाही दिसणार. वी आर नॉट दॅट काइंड." आणि तिनं टॉर्च स्वतःच्या गळ्यावर वळवून एकदा आरशात बघून घेतलं.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हे आपण उठसूट म्हणतो. त्याचा अर्थ मला त्या टॉयलेटमध्ये कळला.

मिस व्हर्नेल पुढे झाल्या. त्यांनी कागदी टॉवेल ओला केला आणि जेडाची हनुवटी पुसली. "गळा आहे तो, बाटली नाही," त्या म्हणाल्या. "आतलं बाहेर दिसायला लागलं तर आधी डॉक्टरकडे पळावं लागेल." पोरी फिदीफिदी हसल्या. त्यांनी ईशाचीही हनुवटी पुसली, ती काही ओली नव्हती. मग पोरींना बाहेर पाठवलं, टॉवेल टाकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या सासूला काही बोलू नकोस. तिनं काही वेगळं केलेलं नाही."

वर्ग सुटला. सासूबाई आणि ईशा आमच्या गाडीत जाऊन बसल्या, तरी मिस व्हर्नेलची गाडी हलेना. मी काचेवर टकटक केली. त्यांनी शेजारचं दार उघडलं. आत नेहमीप्रमाणे ध्वनिपुस्तक चालू होतं. त्यांच्या गाडीत कायम कुठलं ना कुठलं पुस्तक चालू असायचं, आणि वाचणारा आवाज कायम एकाच बाईचा. भरदार, शांत, ऐकत राहावासा. मला वाटायचं, आवडती वाचक असेल.

"चांगली वाचते ना?" त्या म्हणाल्या. "माझी मुलगी. डनीस. शिकागोला असते. हाच तिचा धंदा."

मी म्हटलं, इतके दिवस सांगितलं नाहीत! त्या आवाज बंद करायला गेल्या, मग नुसता कमी केला. आणि समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागल्या.

तिसरीच्या वर्गाचं नाटक दरवर्षी त्याच लिहायच्या. राजकन्या असायचीच, पोरींना आवडते म्हणून. "आणि माझ्या लेखणीतून ती दरवर्षी मधाच्या रंगाची उतरायची. केस कमरेपर्यंत. मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात सगळी काळी पोरं, मी काळी, आणि तरी मी दरवर्षी त्यातल्या त्यात उजळ पोर शोधायची. डनीस माझ्याच वर्गात आली, त्या वर्षी तिनं अख्खं नाटक पाठ केलं होतं. सगळ्यांचे संवाद. आणि ती गेलीय तिच्या वडिलांवर, ते जेडासारखे होते."

त्या थांबल्या. पुस्तकातली डनीस वाचत राहिली.

"मी तिला म्हटलं, तुझा आवाज सगळ्यांत गोड आहे, तू पडद्यामागून गोष्ट सांग. तिला काय आनंद झाला! नाटकाच्या दिवशी रविवारी चर्चला घालायचा पांढरा फ्रॉक घालून आली. तिला तर कुणी बघणार नव्हतं. तरी फ्रॉक. इस्त्रीचा. बुटांना पॉलिश. पडद्यामागे उभी राहून एक अक्षर न चुकता बोलली. सगळ्या हॉलनं विचारलं, कुणाचा आवाज हा? आणि मी म्हटलं, माझ्या मुलीचा. अभिमानानं म्हटलं. तिला बोलावलं मात्र नाही पुढे."

मी म्हटलं, तेव्हा तुम्हालाही कळलं नसेल.

"कळलं होतं," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "तेवढंच तर आहे. फ्रॉक बघितला तेव्हाच कळलं होतं. त्यानंतर जन्मभर मी तिच्या आवाजाचं कौतुक केलं. चेहऱ्याचं एकदाही नाही. तिच्या वेबसाइटवर बघ. तिचा फोटो नाही, मायक्रोफोनचा आहे."

मग त्यांनी गाडी सुरू केली आणि मला उतरायला सांगितलं. माझी शरम कुठे संपते आणि त्यांची कुठे सुरू होते, ते मला सांगता आलं नसतं.

सासूबाईंना मी काही बोलणार नव्हते, पण ईशानंच घरी जाऊन विचारलं, "आजी, तुझा गळा दिसतो का तसा?" मग सगळं बाहेर आलं. सासूबाई आधी चिडल्या. "अगं गोष्ट ती! गोष्टीत असतंच असं. त्यात कुणाला काय लागलं?" मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ उगाच भांडी लावत बसल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी हट्टानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली, राजकन्या बदलून. 'राजकन्या किती सुंदर' इथपर्यंत आल्या आणि अडल्या. जांभळासारखी म्हणाल्या, ते त्यांनाच पटेना. पावसाळी ढगासारखी म्हणाल्या, मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "हे सगळं देवाचं झालं गं. देव सावळा चालतो आपल्याला. सून चालत नाही." पोरी वाट बघत होत्या. सासूबाईंनी शेवटी राजकन्येला नुसतं 'शूर' करून विहिरीतून बाहेर काढलं. मिस व्हर्नेलनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंना मात्र त्या टाळ्या घेववल्या नाहीत.

त्यानंतर मिस व्हर्नेल नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला शिकागोला गेल्या, त्या एक काम मनाशी धरून. परत आल्यावर मी विचारलं, बोललात?

"बोलले. नाटकाचं सगळं बोलले. चुकलं माझं म्हटलं. दोन रात्री पाठ केलं होतं."

"मग?"

"मग ती म्हणाली, 'ओके, ममा.' आणि सूप गरम करायला गेली." त्या जरा हसल्या. "चांगली आहे पोर. मला म्हणते, तिकडे एकटी राहू नकोस, इथे ये. माझी औषधं, डॉक्टर, सगळं बघेल. पण मी 'सॉरी' म्हटलं, हनी. जे म्हणायला हवं होतं ते म्हटलंच नाही. सुंदर आहेस, एवढंच म्हणायचं होतं. आता म्हटलं तर तिला वाटेल, म्हातारी भरपाई करतेय. तोंडातून निघतच नाही ते."

उन्हाळ्यात त्या शिकागोला मुलीकडे राहायला गेल्या. शेवटच्या शनिवारी त्यांनी पोरींना स्वतःचं एकही पुस्तक दिलं नाही. "लायब्ररी कशाला आहे?" म्हणाल्या. मणी वाजवत जेडा त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली, आणि मिस व्हर्नेल तिच्या डोक्यावर हात ठेवून चक्क छताकडे बघत होत्या, रडू येऊ नये म्हणून. पुढे हा वर्ग मी चालवीन का, असं लायब्ररीनं मला विचारलं. मी नाही म्हटलं. मला माझा भरवसा नव्हता.

त्यांची-माझी शेवटची भेट झाली ती गेल्या वर्षी, शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, डेव्हन ॲव्हेन्यूवर. माझ्या भाचीचं लग्न शिकागोला होतं आणि मी मिस व्हर्नेल आणि डनीस दोघींना बोलावलं होतं. डनीस म्हणाली, मग साडीच नेसू. म्हणून ईशा आणि मी त्यांना साडीच्या दुकानात घेऊन गेलो. मिस व्हर्नेल आता काठी टेकत होत्या. डनीस पन्नाशीच्या आसपासची, उंच, आईसारखीच ताठ, आणि हो, जेडासारखी. गाडीत ऐकलेला तो आवाज चालत्या माणसातून येताना ऐकून मला पहिल्यांदा गंमतच वाटली. तिनं दुकानात शिरताना सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि स्वतः मागे राहिली.

दुकानदार वयस्क, सालस गृहस्थ. चहा मागवला, मिस व्हर्नेलना स्टूल दिलं, गादीवर साड्यांचा ढीग उलगडला. डनीस एका पिवळ्याधमक, लाल काठाच्या साडीपाशी थांबली. तिच्यावर नुसता हात ठेवला. दुकानदारानं अगदी अलगद ती साडी तिच्या हाताखालून ओढून घेतली, घडी घातली, बाजूला ठेवली, आणि चॉकलेटी, राखाडी अशा दोन साड्या समोर सरकवल्या. मग माझ्याकडे वाकून, घरच्या माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, इन पे सोबर ही जाएगा. वो वाला डार्क कॉम्प्लेक्शन पे उठता नहीं."

त्याला वाटलं, मला पटेल. मी त्याच्यातली. माझ्या आईनं मला पिवळ्या साडीपासून असंच प्रेमानं दूर ठेवलं होतं. मी राखाडी साडीचा काठ चाचपत बसले. ईशाला हिंदी कळतं. ती माझ्याकडे बघत होती. डनीसला हिंदी कळत नव्हतं, पण हाताखालची साडी का गेली हे कळायला भाषा लागत नाही. ती त्या भरदार, शांत आवाजात म्हणाली, "द ब्राउन इज फाइन. रिअली."

"पिवळी परत काढा," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

"मॅम, धिस वन इज—"

"पिवळी."

त्या काठी बाजूला ठेवून उठल्या. साडी स्वतःच घेतली, उलगडायला गेल्या तर निम्मी जमिनीवर सांडली. उरलेली त्यांनी डनीसच्या खांद्यावर टाकली, उलटी, काठ आतल्या बाजूला. डनीस मान खाली घालून गादीकडे बघत राहिली.

"वर बघ," मिस व्हर्नेल म्हणाल्या. डनीसनं बघितलं नाही.

"तू सुंदर आहेस, डनीस."

"ममा, प्लीज. इथे नको."

"तेव्हाही होतीस. मला दिसत होतं. दिसत असून मी बोलले नाही."

दुकानदाराच्या हातातली चॉकलेटी साडी तशीच राहिली. डनीसनं खांद्यावरच्या पदराला हात घातला. मला वाटलं, आता ती तो काढून ठेवणार आणि बाहेर निघून जाणार. तिनं तो मुठीत घट्ट धरला. बोलायला लागली तेव्हा तो गाडीत ऐकलेला आवाज कुठेच नव्हता. घोगरं, लहान मुलीसारखं काहीतरी आलं.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

"हो. परत म्हण."

मिस व्हर्नेलनी परत म्हटलं.

डनीसनं मान वर केली नाही. "अजून एकदा, ममा," ती म्हणाली.